एम.ए.चे पहिले सत्र आणि तिसगावचा विद्यार्थी

पाथर्डीहून पुण्याकडे निघालेली एस.टी. तिसगावला थांबते. जुलै-ऑगस्टच्या दिवसांत तेथे गाडीत चढणाऱ्या प्रवाशांमध्ये नुकतीच पदवी घेतलेला एखादा मुलगा किंवा मुलगी बहुधा असतेच. हातातल्या पिशवीत गुणपत्रके, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र आणि तहसील कार्यालयातून मिळविलेला उत्पन्नाचा दाखला. पाठीवरच्या सॅकमध्ये दोन जोड कपडे, बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. गाडी करंजीचा घाट चढते, चांदबिबीचा महाल उजाडत्या उन्हात दिसू लागतो, नगर मागे पडते आणि आणखी सुमारे १२० किलोमीटर गेल्यावर पुणे येते. गावात विचारणाऱ्याला घरची माणसे एवढेच सांगतात, ‘पुण्याला पुढचे शिकायला गेला.’

हा ‘पुढचे शिकण्याचा’ प्रसंग महाराष्ट्रात दरवर्षी हजारो घरांत घडतो. विद्यापीठांच्या अहवालांत त्याची नोंद प्रवेशसंख्येचा एक आकडा एवढीच होते. परंतु प्रवेश घेणे आणि प्रवेश होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसगावचा विद्यार्थी पुण्यात पोहोचतो, वसतिगृहाच्या यादीत पोहोचतो, हजेरीपटावरही पोहोचतो. प्रश्न असा की, एम.ए.च्या विषयात तो पोहोचतो काय? आणि पोहोचत नसेल, तर वाटेत त्याला कोण अडवते?

अंतर कमी झाले

या प्रश्नाची तीव्रता समजण्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि त्यानंतर नव्वद वर्षांहून अधिक काळ नगर जिल्ह्यातल्या पदवीधराला पदवी देणारे विद्यापीठ तेच होते. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय काढले १९४७ मध्ये. पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ रोजी अस्तित्वात आले. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या प्रासादात विद्यापीठाचा कारभार सुरू झाला. पुढे १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, नंतर खानदेशाचे विद्यापीठ वेगळे निघाले. नगर जिल्हा मात्र पुण्याशीच जोडलेला राहिला. विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले, जिल्ह्याला २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव मिळाले. पण तिसगाव ते गणेशखिंड हा रस्ता तोच आहे.

दरम्यान शिक्षण गावाच्या जवळ सरकत गेले. पाथर्डी, शेवगाव येथे महाविद्यालये झाली. एस.टी.चा पास काढून, सकाळी जाऊन दुपारी परत येऊन, शेतातली अर्ध्या दिवसाची कामे सांभाळत बी.ए. होण्याची सोय झाली. ही सोय क्षुल्लक नाही. ज्या घरात आजोबांचा अंगठा होता आणि वडिलांची सही दहावीपाशी थांबली, त्या घरात आज एम.ए.ची भाषा होते, ती या सोयीमुळेच. म्हणून ‘कशाला एवढ्या एम.ए.ची गर्दी’ असा जो सूर शहरात अधूनमधून निघतो, तो अन्यायाचा आहे. गर्दीची तक्रार ज्यांना आधीच जागा मिळाली आहे, तेच बहुधा करतात.

प्रतीक्षालयाचे अर्थशास्त्र

मात्र एक कटू सत्य मान्य केले पाहिजे. पदव्युत्तर वर्गात नाव घालणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या लेखी एम.ए. हे शिक्षण राहिलेले नाही. ते प्रतीक्षालय झाले आहे. विद्यापीठात नाव असले की वसतिगृहासाठी अर्ज करता येतो, ग्रंथालयाची अभ्यासिका मिळते, शिष्यवृत्तीला पात्रता येते आणि घरी सांगायला एक उत्तर राहते. टेबलावर पुस्तक असते ते राज्यसेवेचे, सरळसेवा भरतीचे किंवा बँकेच्या परीक्षेचे. वर्गातला विषय सत्राच्या शेवटच्या तीन आठवड्यांत, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि बाजारातली तयार उत्तरे यांच्या आधाराने उरकला जातो.

यासाठी विद्यार्थ्याला दोष देऊन भागणार नाही. अर्थशास्त्रात वैकल्पिक खर्च नावाची एक साधी कल्पना आहे. एखादी गोष्ट करताना दुसऱ्या ज्या उत्तम संधीवर पाणी सोडावे लागते, ती संधी म्हणजे त्या गोष्टीची खरी किंमत. बी.ए. झालेल्या ग्रामीण तरुणाला नोकरी मिळतच नसेल, तर एम.ए.च्या दोन वर्षांसाठी तो कोणत्या पगारावर पाणी सोडतो? बहुधा कोणत्याच नाही. जे शिक्षण असे ‘फुकट’ वाटते, ते वेळ काढण्याचे साधन होणे क्रमप्राप्त आहे. पदव्युत्तर वर्ग भरणे हे पुष्कळदा शिक्षणाच्या ओढीपेक्षा रोजगाराच्या अभावाचे लक्षण असते.

पण हा हिशेब अर्धाच आहे. तो विद्यार्थ्यापुरता मांडला तर खर्च शून्य दिसतो. घरापुरता मांडला की चित्र पालटते. दुष्काळी पट्ट्यातल्या कोरडवाहू घरात एक धडधाकट माणूस दोन वर्षे बाहेर राहणे म्हणजे पेरणीला, दूध घालण्याला, म्हाताऱ्यांच्या दवाखान्याला एक हात कमी होणे. विद्यापीठ विभागाचे शुल्क तुलनेने थोडे असते. खोलीभाडे आणि खाणावळ मात्र दरमहा रोख मागतात. ती रोख रक्कम कोणीतरी दुसऱ्याच्या रानात राबून, कोणीतरी शेळी विकून उभी केलेली असते. मुलीच्या बाबतीत किंमत निराळ्याच नाण्यात मोजली जाते. ‘एम.ए. होऊ दे, मग बघू’ असे म्हणून तिने लग्न दोन वर्षे लांबणीवर टाकलेले असते आणि त्या दोन वर्षांचा जाब तिला प्रत्येक सुट्टीत द्यावा लागतो. तिच्यासाठी ही मुदत आयुष्यात बहुधा एकदाच मिळणारी आहे. अशी मुदत प्रतीक्षेत घालविणे ही चैन तिला परवडणारी नाही.

तीन अडथळे

मग ही मुदत वाया का जाते? बहुतेक वेळा निर्णय पहिल्या सत्रात, किंबहुना पहिल्या दीड-दोन महिन्यांतच लागतो. पहिल्या दिवशी पुढच्या बाकावर बसलेला विद्यार्थी तिसऱ्या आठवड्यात मागे सरकतो आणि दिवाळीपर्यंत वर्गातून अभ्यासिकेत गेलेला असतो. या माघारीची कारणे तीन आहेत.

पहिले कारण भाषेचे. बी.ए.पर्यंत विषय मराठीत शिकविला गेलेला असतो. अनेक सामाजिक शास्त्रांत एम.ए.ची उत्तरपत्रिकाही मराठीत लिहिता येते. परंतु वाचनाची यादी इंग्रजीत असते. विद्यार्थ्याला ‘सीमांत उपयोगिता’ ठाऊक असते, पण तिचे इंग्रजी नाव ऐकताच तो तिला ओळखत नाही. मग आपल्याला विषयच येत नाही, असा त्याचा ग्रह होतो. वस्तुतः त्याला विषय येत असतो, केवळ नावे येत नसतात. एकेकाळी महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने उच्च शिक्षणाची पुस्तके मराठीत आणली. मराठी अर्थशास्त्र परिषदेने ‘अर्थसंवाद’सारखे त्रैमासिक चालविले. हे काम मोलाचे आहे. पण नव्या एम.ए.च्या विद्यार्थ्याच्या हाती ते पहिल्याच आठवड्यात पडते असे दिसत नाही.

दुसरे कारण गणिताचे. कला शाखेतल्या पुष्कळ मुलांनी दहावीनंतर गणिताचे पुस्तक उघडलेले नसते. एम.ए. अर्थशास्त्राच्या सूक्ष्मलक्षी सिद्धांताच्या पहिल्याच पाठात त्यांच्यापुढे कलनशास्त्राची चिन्हे येतात. शिक्षक म्हणतात, ‘हे तुम्हाला ठाऊक असेलच.’ या एका वाक्यात वर्गाचे दोन भाग पडतात. ज्याला ठाऊक नाही तो हात वर करीत नाही, कारण हात वर करणे म्हणजे आपले अज्ञान तीस-चाळीस अनोळखी माणसांपुढे मांडणे होय.

तिसरे कारण पैशाचे. त्यातही पैसा किती यापेक्षा केव्हा, हे महत्त्वाचे. खाणावळीचे पैसे महिन्याच्या आरंभी द्यावे लागतात. शिष्यवृत्तीची रक्कम अनेकदा वर्ष सरत आल्यावर जमा होते. कागदावर जमाखर्च जुळतो, प्रत्यक्षात मधले आठ-दहा महिने कर्जाचे असतात. पुणे विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजना आहे. तिच्यामागे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेची श्रमप्रतिष्ठेची परंपरा आहे आणि तिने अनेकांची खाणावळ चालविली आहे. परंतु अशा योजनांची माहिती ज्याला सर्वांत अधिक गरज, त्याच्यापर्यंत सर्वांत उशिरा जाते. सूचनाफलक वाचण्याचेही एक शिक्षण असते आणि ते घरी कोणी घेतलेले नसते.

उत्तराकडून प्रश्नाकडे

या तिन्ही अडथळ्यांच्या मुळाशी एक चौथी गोष्ट आहे. एम.ए. म्हणजे नेमके काय, हे विद्यार्थ्याला कोणी सांगितलेलेच नसते. तो त्याला बी.ए.चे चौथे-पाचवे वर्ष समजतो. तीच उत्तरे, थोडी लांब. वास्तविक पदवीपर्यंत विद्यार्थ्याने इतरांच्या प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात. पदव्युत्तर वर्गात त्याने स्वतःचा प्रश्न विचारायला शिकावयाचे असते. आणि स्वतःचा प्रश्न बहुधा स्वतःच्या जगण्यातूनच येतो.

याचे सर्वांत लखलखीत उदाहरण महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. १९१३ च्या जुलैमध्ये बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची. त्यांनाही आरंभी राहण्याच्या जागा बदलाव्या लागल्या, जेवणाचे हाल सोसावे लागले. १९१५ मध्ये ते अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला. पुढच्याच वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. त्या चर्चासत्रात जातीविषयी ग्रंथ वाचलेले लोक असतीलही. पण जात सोसलेला विद्यार्थी आपल्या सोसण्याचे रूपांतर शास्त्रीय प्रश्नात करीत होता, ही गोष्ट असाधारण होती. त्यांनी तेथे गाऱ्हाणे मांडले नाही, सिद्धांत मांडला.

दुसरे उदाहरण प्रा. धनंजयराव गाडगीळ यांचे. केंब्रिजमध्ये विद्यार्थी असताना त्यांनी भारताच्या औद्योगिक विकासावर जो प्रबंध लिहिला, तो १९२४ मध्ये पुस्तकरूपाने निघाला आणि पुढे कित्येक पिढ्यांनी अभ्यासला. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस होते. १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक तेच. याच गाडगीळांनी पुढे विठ्ठलराव विखे पाटील यांच्याबरोबर नगर जिल्ह्यात लोणीला सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत भाग घेतला आणि त्याचे पहिले अध्यक्षपद सांभाळले. १९५०-५१ च्या हंगामात तेथे गाळप सुरू झाले. एक विद्यार्थी केंब्रिजच्या ग्रंथालयात आपल्या देशाविषयी प्रश्न विचारतो आणि तोच माणूस पुढे प्रवराकाठच्या शेतकऱ्यांबरोबर बसून त्या प्रश्नाचे उत्तर शोधतो. नगर जिल्ह्यातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापेक्षा जवळचा धडा कोणता हवा?

उचल आणि पाठ्यपुस्तक

सगळ्यांनी आंबेडकर किंवा गाडगीळ व्हावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मुद्दा वेगळा आहे. तिसगावचा विद्यार्थी पुण्याला येतो तेव्हा आपण रिकाम्या हाताने आलो, अशी त्याची समजूत असते. शहरातल्या मुलाजवळ इंग्रजी असते, संगणक असतो, सफाईने बोलणे असते, आपल्याजवळ काय? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तालुक्यातच आहे.

पाथर्डी तालुक्यातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दसऱ्यानंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामापूर्वी मुकादम कोयत्याला उचल देतो. ती तोडणीच्या मजुरीतून फिटते, न फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. म्हणजे मजुरी देणारा आणि कर्ज देणारा एकच. पुढच्या वर्षी कोणाकडे कामाला जायचे, हे कर्जाने आधीच ठरविलेले असते. एम.ए.च्या वर्गात हाच विषय ‘परस्परनिगडित बाजारपेठा’ या जड नावाखाली येतो. अमित भादुरी यांनी १९७३ मध्ये पश्चिम बंगालमधील वाटेकऱ्यांचे उदाहरण घेऊन, जमीनमालकच सावकार असेल तर काय होते, याची गाजलेली मांडणी केली. ती मांडणी इंग्रजीत वाचताना अडखळणाऱ्या विद्यार्थ्याने उचलीची वही लहानपणापासून पाहिलेली असते. वर्गातल्या इतरांना जी कल्पना आहे, ती त्याच्या शेजारच्या घराची हकीकत आहे. परंतु दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे त्याला कोणी सांगत नाही. आणि सांगितले नाही तर तो विषय पाठ करतो व हकीकत लपवितो.

हीच गोष्ट दुष्काळाची. १९७१ मध्ये पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ग्रामीण सार्वजनिक कामांतून रोजगार पुरविण्याचा आग्रह धरला. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला, वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमी योजना आकाराला आली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला. त्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या असंख्य स्त्री-पुरुषांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली. तिसगावच्या आसपासच्या गावांत त्या दिवसांची आठवण सांगणारी माणसे अजून आहेत. त्यांच्याजवळ दोन तास बसून हजेरी कशी लागे, मजुरी केव्हा मिळे, धान्य किती येई, हे लिहून घेणे म्हणजे संशोधनाचा आरंभ होय. वृद्धेश्वर कारखान्याचे सभासद, आठवडे बाजारातले आडते, दूध संकलन केंद्रावरचा भाव, ही सारी अर्थशास्त्राची प्रयोगशाळाच आहे. तिच्या किल्ल्या या विद्यार्थ्याच्या खिशात आहेत.

सहा आठवड्यांचे काम

नव्या अभ्यासक्रमाने या दृष्टीने एक वाट मोकळी केली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाची जी रचना झाली, तिच्यात संशोधन पद्धती हा विषय पहिल्याच वर्षी आला आहे. प्रत्यक्ष कार्यानुभव किंवा क्षेत्रीय प्रकल्पही आहे. एक वर्ष पूर्ण करून पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोयही ठेवली आहे. या सोयीचा दुसरा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. ज्याला घरच्या अडचणीमुळे वर्षभरात परतावे लागेल, त्याचे पहिले सत्र वाया गेले म्हणजे निम्मे शिक्षण वाया गेले.

म्हणून पहिल्या सहा आठवड्यांकडे विद्यापीठांनी आणि पदव्युत्तर केंद्रे चालविणाऱ्या महाविद्यालयांनी वेगळ्या नजरेने पाहावे. यासाठी मोठा निधी लागत नाही. प्रत्येक विषयातल्या दोन-तीनशे मूलभूत संज्ञांची इंग्रजी-मराठी यादी पहिल्या दिवशी हाती द्यावी. गणिताची उजळणी नेहमीच्या तासांपूर्वी, कोणाला न लाजविता, सर्वांसाठी घ्यावी. दहा-बारा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक नेमून त्याने पहिल्या महिन्यात प्रत्येकाशी एकदा तरी स्वतंत्रपणे बोलावे. तू कोठून आलास आणि जेवतोस कोठे, हे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ गोष्टी कळतात. शिष्यवृत्ती मंजूर होणार हे ठरलेलेच असेल, तर तिच्यातला काही भाग प्रवेशाबरोबर उसनवार देणे शासनाला अशक्य नाही. कारखाने हंगामापूर्वी उचल देऊ शकतात, तर विद्यार्थ्याला त्याच्याच हक्काचे पैसे वेळेवर मिळण्यास हरकत कोणती? आणि क्षेत्रीय प्रकल्पाचा विषय शक्यतो विद्यार्थ्याच्या गावातला असावा. प्रकल्पाची बाजारात मिळणारी तयार वही बंद करण्याचा हाच खात्रीचा उपाय आहे, कारण तिसगावच्या बाजाराची वही बाजारात मिळत नाही.

विद्यार्थ्यानेही काही गोष्टी स्वतःशी ठरविल्या पाहिजेत. स्पर्धा परीक्षा देण्यात गैर काही नाही. पण तिच्या जागा मोजक्या आणि उमेदवार असंख्य, हा हिशेब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तरी समजावा. जी दोन वर्षे हातात आहेत ती विषयाला दिली, तर परीक्षेत अपयश आले तरी हाती काही उरते. ती केवळ प्रतीक्षेला दिली, तर काहीच उरत नाही. रोज इंग्रजी पुस्तकाची पाच पाने, समजली नाहीत तरी, वाचावीत. आठवड्याला एक प्रश्न वर्गात मोठ्याने विचारावा. पहिला प्रश्न विचारताना घसा कोरडा पडतो. चौथ्या प्रश्नाला आपला शेजारीही तेच विचारणार होता, असे आढळून येते.

दिवाळीच्या सुट्टीत हा विद्यार्थी पुन्हा त्याच रस्त्याने घरी येईल. करंजीचा घाट उतरून गाडी तिसगावला थांबेल. तेव्हा रस्त्यावर ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन निघालेले ट्रक, ट्रॅक्टर दिसू लागलेले असतील. पूर्वी त्याने ते पाहिले होते आणि नजर वळविली होती. या वेळी तो एखाद्या ट्रकजवळ थांबून, या वर्षी कोयत्याला उचल किती, असे विचारील काय? त्याने वही काढून ते लिहून घेतले, तर त्याचे एम.ए. सुरू झाले असे समजावयास हरकत नाही.